आत्तीचं इष्टलिंग

अनुभव लिहिताना माणसं स्वतःचं चांगलं तेवढं लिहितात. माझा अनुभव माझ्याच थापेतून सुरू झाला, त्यामुळे तो गोड करून सांगता येत नाही.

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, उचगावची. ऐन तिशीत नवरा गेला. दोन म्हशींच्या जिवावर तिनं दोन मुली वाढवल्या, उजवल्या, पण कुणापुढं रडगाणं गायलं नाही. आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग तिच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीत असायचं. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा, मगच पाण्याचा घोट. सत्तर वर्षांत खाडा नाही. मी माझं कधीच खुंटीला अडकवलं होतं, वर तिची चेष्टाही करायचो. ती हसून सोडून द्यायची.

गेल्या वर्षी तिला कोल्हापुरात दवाखान्यात ठेवलं. एका सकाळी, पूजेच्या आधीच, एमआरआयला न्यायला आले. गळ्यातलं सगळं काढा म्हणाले. आत्तीनं डबी माझ्या हातात दिली. "खाली ठिवू नको," एवढंच म्हणाली. मी फोनवर बोलता बोलता ती उशीच्या अभ्र्यात सरकवली. परत आलो तर चादरी-अभ्रे बदलून धुवायला गेलेले. मी गाठोडी उपसली, कचरा उपसला. डबी मिळाली नाही.

सलाईनला शीर सापडत नव्हती. तोंडानं पाणी तरी पाजा, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. आत्तीचं एकच, "पूजा झाल्याबिगर न्हाय." दुपार झाली, तिची जीभ कोरडी पडली, तरी मी 'डबी नर्सकडं हाय' म्हणून थापा मारत होतो. खरं सांगायची हिंमतच नव्हती.

शेजारच्या खाटेपाशी गडमुडशिंगीचे एक गृहस्थ बसलेले, कपाळावर विभूती. त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "पावणं, सकाळधरनं काय हुडकताय?" मी सगळं सांगितलं. ते गेले आणि तासाभरात तसंच दिसणारं लिंग, तशीच डबी घेऊन आले. देव माणसाच्या रूपात धावून येतो म्हणतात. माझ्याकडं आला तो माझी थाप पुरी करायला. हे मला आजही सलतं.

आत्तीनं लिंग तळहातावर घेतलं, अंगठा फिरवला आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. मग तिनं विभूती लावली, डोळे मिटले, नेहमीसारखी सगळी पूजा केली. "आण पाणी," ती म्हणाली. "आन् आधी तू पी. तोंड बघ किती सुकलंय तुझं."

अकरा दिवसांनी ती गेली. आमच्यात पुरतात. विधी करणाऱ्या जंगमांनी तेच लिंग तिच्या हातात ठेवलं. "आईनं जन्मभर जपलं, आता संगतीनं गेलं," म्हणत तिच्या मुली रडल्या. मी बेलाचं पान टाकलं.

शरण जाणं म्हणजे काय, ते मी त्या दुपारी पाहिलं. आता मीही रोज पूजेला बसतो. आत्तीची क्षमा मागत नाही, ती तिनं मी मागायच्या आतच दिली. तिच्यासारखं माणूस आयुष्यात दिलं म्हणून देवाचे आभार मानतो, आणि तिच्या मुलींना खरं सांगायचं बळ मागतो. ते अजून मिळालेलं नाही.