ओटीतली काळी माती

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे एक विसरता येत नाही, कारण त्याची चीड अजून तशीच आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता. मी मानोऱ्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. तिथल्या एका वस्तीवर नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई राहत. दिवाळी झाली की दाराला काटी, म्हणजे बाभळीची काटेरी फांदी, लावून घर बंद करायचं, कारंज्याच्या जिनात कापसाच्या कामाला जायचं, पालाखाली दिवस काढायचे. म्हातारीचा नवरा त्या पालातच वारला. "सोताचं वावर असतं तं घरी मेला असता," एवढंच ती म्हणे. आमच्या घरात शाळेची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या बी.ए.मागं माझ्या आईचं दुसऱ्याच्या शेतातलं निंदण आहे. त्यामुळं तिचं बोलणं मला समजावून सांगावं लागलं नाही.

अनेक वर्षांची मजुरी साठवून त्यांनी वावर घ्यायचं ठरवलं. त्या भागात जमिनीची दलाली करणारा एक म्हातारा होता. त्याची रीत ठरलेली. चारही धुऱ्यांवरच्या, म्हणजे बांधाला लागून असलेल्या, शेजाऱ्यांना वावरात बोलवायचं, धनी कोण ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवायचा. तोवर इसाराच्या आगाऊ रकमेची गोष्ट नाही. पण लोक त्याला फुकटखाऊ म्हणत. यांनीही तेच म्हणत त्याला टाळलं. रिसोडकडचा एक गोडबोल्या स्वतःहून भेटला आणि म्हणाला, "दलाल कायले पाह्यजे? तुमी घेनार, मी देनार." यांना वाटलं, दलाली वाचली.

त्यानं नाल्याकाठचं काळंभोर वावर दाखवलं. खरेदीखत झालं. मृगाच्या तोंडावर नवरा वखर घेऊन गेला, तर परगावचा एक शेतकरी ओरडत आला, "माह्या वावरात काहून वखर घालून राह्यला बे?" पटवाऱ्यानं कागद पाहिला. कागदावरचा नंबर होता टेकडावरच्या बरड तुकड्याचा. नुसता लाल मुरूम आणि गोटे.

ते ठाण्यात आले तेव्हा मी तपासावर बाहेर होतो. आमच्या जमादारानं त्यांना वाटेला लावलं. "अंगठा कोनं केला? तूच ना? मंग दिवानीत जाय." फिर्याद घेतली नाही, स्टेशन डायरीत नोंदही केली नाही. हे मला आठवड्यानं कळलं, आणि तेही त्या दलालाकडून.

तो ठाण्याच्या ओट्यावर काठी टेकून उभा राहिला. "साहेब, तो मानूस आता तेच काळं वावर दुसऱ्या गिऱ्हाइकाले दाखवून राह्यला. माह्याकडं आल्ता पयले. मी म्हनलं, शेजारी बलाव. तं पयाला."

जमादार हसला. "कमिशन बुडालं म्हून आग लागली वाट्टे दलालाले."

"लागली ना," म्हातारा म्हणाला. "पन माही आग पोट भरासाठी हाये, जमादारसाहेब. त्याची आग लोकायचं पोट फाडासाठी."

त्याच दिवशी मी फिर्याद नोंदवली आणि त्या इसमाला ठाण्यात आणलं. खरं आव्हान पुढं होतं. दस्त कायदेशीर होता. 'मी बरडच दाखवलं,' असं म्हणत तो अडून बसला. त्याचा सालगडी साक्षीदार म्हणून तेच पोपटासारखं बोलत होता. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, त्यामुळं मारून काही साधत नव्हतं. मी त्याला बोलू दिलं. गोड बोलणाऱ्या माणसाला अडवू नये, तो स्वतःच भरकटतो.

"साहेब, त्या बाईले मी लेक मानलं," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "त्यायच्यात रीत हाये ना, वावर घेतलं का घरच्या लक्ष्मीच्या ओटीत त्या वावराची माती टाकतात. माह्या हातानं टाकली. मी कायले फसवीन?"

"कोणत्या वावरातली माती?"

"जे इकलं त्याच्यातली. दुसऱ्याची कायले टाकीन?"

मी पुढं काही विचारलं नाही. दोन पंच घेऊन थेट वस्तीवर गेलो. म्हातारीच्या देव्हाऱ्यात, हळदकुंकू वाहिलेलं, काळ्या मातीचं भलं मोठं ढेकूळ होतं. वाळून भेगाळलेलं. सून म्हणाली, "फसवलं त्यानं, पन माती कशी फेकू साहेब? ओटीतली हाये." टेकडावरून मुरूम घेतला, पंचनामा केला, दोन्ही सीलबंद केलं.

ठाण्यात परतल्यावर नाल्याकाठून आणलेलं तसंच दुसरं ढेकूळ आणि मूठभर मुरूम मी सालगड्यापुढं ठेवला. "जन्मभर माती तुडवली तू. सांग, कोणती कुठली?" त्यानं ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. मग डोळे पुसून म्हणाला, "बाईची ओटी भरली तवाच मले कसंतरी झालं होतं, साहेब." त्यानं सगळं सांगितलं, आणि पुढं कोर्टात शपथेवरही सांगितलं. नाल्याकाठच्या शेजाऱ्यांनीही, वावर दाखवलं त्या दिवशी, भामट्याला आणि या कुटुंबाला तिथं पाहिलं होतं. त्यांना आधी कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

मला आजही संताप येतो तो त्या भामट्यापेक्षा आमच्या समजुतीचा. चोराला आपण 'मामा' म्हणून घरात घेतो आणि चार शेजारी बोलावून खात्री करून देणाऱ्याच्या मेहनतान्याला हरामाचा पैसा म्हणतो. सगळेच दलाल साधू नसतात, मी लबाडही पकडले आहेत. पण जमिनीचा व्यवहार नुसत्या डोळ्यांनी होत नाही. कोणाला काय विचारायचं हे ज्याला कळतं, त्याला सोबत न्यावं आणि त्याचे पैसे मान ठेवून द्यावेत. शिकलेल्यांनीही. जमादाराची मी लेखी तक्रार वर पाठवली, हेही सांगून ठेवतो.

भामट्याला शिक्षा झाली, दस्त रद्द झाला, पैसे परत आले. त्या कुटुंबानं त्याच म्हाताऱ्याला गाठलं. वावर लहान मिळालं, पण गूळ वाटायला चारही धुऱ्यांवरचे शेजारी हजर होते. सुनेनं त्या वावराची माती ओटीत घेतली. त्या दिवाळीनंतर त्यांच्या दाराला काटी लागली नाही.