लिंबू-मिरची आणि घाटातले दिवे

गाववाल्यांनो, मागच्या गणपतीला धुक्यात आमची जीप घाटात कठड्याला घासली, ते विसरलात ना? मी बोलते, नात टाइप करते. वाचून तरी आठवा.

म्हणून आज बोरिवलीला सोसायटीच्या आवारात लेकाने जीपला पुढे जादा दिवे बसवले. मी आत बसून बटण दाबायचं.

"लागले?"

"नाही गं आई!"

फ्यूज बदलला, टेप सोडली. माझी कंबर गेली.

शेवटी उतरून बघते, तर बंपरला लिंबू-मिरची झुलतेय, दिव्यांच्या अर्थिंगच्या वायरने बांधलेली!

सून म्हणाली, "वायर मोकळीच लोंबत होती ना, आई."

लेकाने वायर सोडून गाडीच्या पत्र्याला जोडली, दिवे लख्ख!

पहाटे लेक आणि सून गणपतीला गावी यायला निघतील. मला आता गाडीत बसवत नाही. दोघं पोचली की फोन करा, आणि ती परतताना त्यांच्याबरोबर माझे मोदक पाठवा. तूप वेगळं बांधा.