पालथी अधोली आणि पितळी साचा

उस्मानपुऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. संध्याकाळी तिथं आम्ही तिघं जमतो: मी, ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर साळवे सर आणि चितेगावच्या कारखान्यातला टर्नर भाऊसाहेब. छंद एकच, टोप्या बनवायची जुनी अवजारं जमवायची. टोप्या नव्हे हं, अवजारं! पाच वर्षांत ती जमली एक कपाटभर. किस्से मात्र कपाटात मावेनात.

*

भाऊसाहेबानं वैजापूरच्या बाजारातून एक भलं मोठं कलबूत आणलं. कलबूत म्हणजे टोपीला आकार देणारा लाकडी ठोकळा. हे आतून पोकळ होतं. का, तर सर म्हणाले, "वजनाला हलकं पडावं म्हणून. काय डोकं होतं त्या लोकांचं!" आम्ही त्याला तेल पाजलं, वर पगडी चढवली आणि आठ महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

एक दिवस वैजापूरकडच्या आजी चष्मा न्यायला आल्या. त्यांनी नवा चष्मा लावला, कपाटाकडं पाहिलं, पगडी बाजूला केली आणि कलबूत सरळ उलटं केलं.

"अधोली हाय ही, बाबा. जवारी मोजायची. पालथी काहून घातली?"

चष्म्याचा नंबर बरोबर निघाला, एवढंच समाधान.

*

भाऊसाहेबाला स्वच्छतेची भारी हौस. एक पिढीजात कलबूत 'जरा साफ करतो' म्हणून त्यानं कारखान्यात नेलं आणि लेथवर चढवून गुळगुळीत करून आणलं. कारागिरानं कोरलेलं नाव भुशात गेलं. सरांनी कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

भाऊसाहेब मला हळूच म्हणतो, "पण फिनिशिंग बघा की!"

*

सरांच्या घरी वहिनींनी एका कलबुतावर नातवाची धुतलेली कानटोपी वाळत घातली. सर ओरडले, "अगं, अँटिक आहे ते!"

"टोपीसाठीच हाय ना? मग?"

कानटोपी झकास वाळली, जराही आक्रसली नाही.

*

आता करीमचाचा. जुन्या शहरात रुमी टोप्या, म्हणजे गोंड्याच्या त्या लाल उंच टोप्या, बनवायचे. त्यांच्याकडं पितळी साचा आहे हे कळलं आणि आम्हाला जेवण गोड लागेना! आतला भाग तापवायचा, त्यावर ओलसर टोपी चढवायची, वरून पितळी झाकण दाबायचं. तीनदा मागितला, तीनदा उत्तर आलं, "नक्को."

चाचांची नजर अधू झालेली. मी डोळे तपासून चष्मा बनवला, तर न्यायलाच येईनात. "अब देखने कू है क्या, मियाँ?" चष्मा दोन वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये पडून.

मग बातमी आली. चाचांचा मुलगा टोपीच्या खोलीत मोबाईलचं दुकान काढतोय, आणि साचा शुक्रवारी भंगारात! आम्ही धावलो.

चाचा म्हणाले, "अलमारी में रखने कू? उससे तो भंगारवाला अच्छा. गला के कुछ तो बनाता. टोपी निकाल के दिखाओ, फिर ले जाओ."

साचा चार दिवसांसाठी मिळाला. वहिनींनी लाल बनातीच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, तीन टोप्या शिवून दिल्या. पहिली जळली. दुसरी साच्याला चिकटली, फाडून काढावी लागली. तिसऱ्या वेळी वहिनी स्वतः पुढं झाल्या. तव्यावर शिंपडतात तसं साच्यावर पाणी शिंपडलं. थेंब टणाटण उडाले. "थांबा, लई तापलाय." थोड्या वेळानं थेंब नुसते चुरचुरले. "हां, आता दाबा."

आणि टोपी निघाली! डावीकडं चांगलीच कललेली, पण टोपी! भाऊसाहेबानं सरांना उचललंच.

शुक्रवारी सकाळी गेलो तेव्हा भंगारवाला तराजू घेऊन दारात बसला होता. चाचांनी टोपी हातात घेतली. काठ, शिवण, माथा, सगळं बोटांनी चाचपलं.

"टेढी है."

आमचे चेहरे पडले. भंगारवाला उठला. चाचांनी टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा चाचपली आणि मुलाला विचारलं, "कितनी टेढी है?"

"बहोत, अब्बा."

चाचांनी माझ्यापुढं हात पसरला.

"मियाँ, मेरा चश्मा लाए क्या?"