काकांची बोटं आणि बाबांचा काचबिंदू

आज सावली गावात आतेबहिणीच्या साखरपुड्यात आमच्या काकांनी डोळ्यांचा दवाखाना उघडला. काका म्हणजे बाबांचे सख्खे भाऊ, निवृत्त हेडमास्तर. त्यामुळे त्यांना सगळंच कळतं.

बाबांना काचबिंदू आहे. मी त्यांच्या डोळ्यात थेंब टाकत होते, तेवढ्यात काकांनी बाबांच्या नाकासमोर तीन बोटं धरली. "किती?"

"तीन," बाबा म्हणाले.

"पाह्य, साफ दिसून राह्यलं त्याले. काऊन औषध टाकून राह्यली पोरी? बिंदू पिकू दे, मंग काढून टाकू."

सगळा मांडव माना डोलवायला लागला.

अहो, पिकायची वाट मोतीबिंदूची पाहत होते, तीही जुन्या काळी. काचबिंदू गुपचूप कडेची नजर खातो. गेलेली परत येत नाही, थेंब फक्त उरलेली राखतात. पण हेडमास्तरांना कोण शिकवणार?

मी म्हटलं, "काका, समोरच पाहा." हात त्यांच्या डोळ्याच्या थोडा बाजूला धरून बोटं हलवली. "दिसतात?"

काका रुबाबात म्हणाले, "आधी हात तं वर कर."

सख्ख्या भावाला आहे, तुम्हीही तपासून घ्या, म्हटलं. तर म्हणे, पोरगी उद्धट झाली.

तुमच्याकडे अशा जाणत्यांचं काय करता?