शांत जागा आणि गंजभर चहा

आमचं घर गोंदियाच्या स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि आमच्या संसारात एवढाच एक दोष आहे. (हे माझं मत. माझ्या बायकोची, म्हणजे सुनंदाची, दोषांची यादी बरीच लांब आहे.)

स्टेशन जवळ, दवाखाने जवळ, कोर्टही जवळ. त्यामुळे ज्याचा दात दुखतो, ज्याची तारीख असते, ज्याची गाडी चुकते, असा प्रत्येक नातेवाईक आधी आमची बेल वाजवतो. त्यात पहिला मान कामठ्याच्या माझ्या डोमामामांचा. त्यांचा एक दात कधीपासूनचा दुखतोय. डॉक्टर म्हणतात, काढून टाका. पण दात काढला तर गोंदियाला यायला कारण काय उरणार? म्हणून मामा तयार होत नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर कप विसळता विसळता सुनंदाने जाहीर केलं, "मला दोन दिवस अशा शांत जागी न्या, जिथे कोणासाठी चहा टाकावा लागणार नाही. एक कप जरी टाकावा लागला ना, तर तिथून सरळ बालाघाटला माहेरी जाईन. मग सांभाळा तुमचे पाहुणे!"

मी हादरलो. मला चहा येत नाही. मला भूगोल येतो, आणि तोच मी शाळेत शिकवतो.

"तू फक्त बॅग भर," मी छाती फुगवून म्हणालो. "जिल्ह्याचा नकाशा मला तोंडपाठ आहे!"

नवेगावबांध बाद, कारण तिथे विद्यार्थी भेटतात. धबधबा बाद, कारण तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग असते. मग आठवला हिरालाल, माझा शाळासोबती. चिचगडच्याही पुढे त्याचं गाव. गावाबाहेर शेत, शेतात एक खोली, समोर तलाव, भोवती जंगल. फोनला रेंज नाही! मला तर स्वर्गच दिसला. हिरालाल फोन करायला गावात येतो, तेव्हा मी त्याला गाठलं.

"खोली रिकामी आहे का रे?"

"येऊन जाय ना बे! भाऊबीज झाली का निघ."

"गर्दी तर नसते ना?"

"गर्दी कायची? परकं कोणी नाई. घरचेच लोकं राह्यतात."

मी खूश झालो. 'घरचे' म्हणजे तो, वहिनी आणि दोन बैल, असा हिशेब मी मनात करून टाकला.

देवरीला बस बदलली. चिचगडच्या पुढे जाणारी बस खचाखच भरलेली! नव्या साड्या, नवे सदरे, बायकांच्या मांडीवर फराळाचे डबे, आणि माझ्या कानाशी एक फुगेवाला.

"इतके लोक कुठे जाऊन राहिले हो?" सुनंदाने विचारलं.

"सुट्टी संपवून आपापल्या गावी परततायत," मी भूगोलाच्या अधिकारवाणीने सांगितलं. "पुढे उतरतील सगळे."

उतरले. आम्ही उतरलो तिथेच उतरले. फुगेवालासुद्धा!

आता हे सांगायला लाज वाटते. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. एकेका गावचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, सोयरिकी जमतात आणि रात्री नाटक होतं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. पण नकाशात मंडई दाखवत नाहीत ना!

हिरालालच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि मधल्या खाटेवर, गालाला हात लावून, डोमामामा!

"अरे बाबू! तुमी बी आले?" मामा आनंदाने ओरडले. "हे तर माह्या साळीचं, तुह्या मामीच्या बहिणीचं गाव! हिरालाल तिच्याच भावकीतला. वा, सूनबाई बी आली! आता चाय घरच्यावानी भेटन."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला बालाघाटची बस स्पष्ट दिसली, खिडकीच्या सीटसकट.

"चहा मी करतो!" माझ्या तोंडून निघालं.

अंगण एकदम गप्प झालं. (त्या दिवसातली ही एकमेव शांतता.)

"तुमी काऊन जी, भाऊजी?" हिरालालची बायको घाबरली.

"मला आवडतं!" मी ठोकून दिलं.

तिने गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, काढून दिला. त्या गंजात मी स्वतः बसून अंघोळ करू शकलो असतो. चुलीचा धूर डोळ्यांत, दूध उतू, पत्ती अंदाजपंचे.

पहिला घोट घेऊन मामा म्हणाले, "बाबू, हे चाय व्हय का पेज?"

मी दुसरा गंज चढवला. तोवर नवे पाहुणे आले. तिसरा चढवला, तर नाटकवाले आले. आमची ती शांत खोली त्यांना रंगरंगोटीसाठी दिली होती आणि स्टेज अगदी दारासमोर, धान कापलेल्या बांधीत! अर्धी मिशी चिकटवलेला खलनायक चुलीपाशी येऊन नम्रपणे म्हणाला, "मास्तर, मले बिनसाखरेची." (रात्री झोप लागली का, हे कृपया विचारू नका.)

आणि सुनंदा? मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसून बांगड्या भरत होती. कोणी तिला सुवाऱ्या, म्हणजे गरम पुऱ्या, आणून देत होतं, कोणी लाडू. पाहुणी म्हणून बसायला तिला किती वर्षांनी मिळालं होतं! ती खळखळून हसत होती आणि खरं सांगतो, तिला तसं बसलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तर माझा हातही बसला. मामांनी बशी चाटूनपुसून रिकामी केली. "जमली बाबू! सूनबाईपेक्षा फक्कड!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मूर्खासारखा फुगलो.

परत आलो, तर शेजारच्या काकू फाटकातच भेटल्या. "कुठे गेला होता हो? दोन दिवस तुमची बेल एकदाही वाजली नाही. सगळे मंडईला! मी आपली तुमच्या ओट्यावर येऊन मस्त झोप काढली."

सुनंदाने कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जिल्ह्यातल्या सगळ्यात शांत जागेला मी स्वतःच्या हाताने कुलूप लावून गेलो होतो.

चारच दिवसांत बेल वाजली. गालाला हात लावून डोमामामा. सुनंदा सवयीने उठायला गेली, तर मामा म्हणाले, "तू बस, सूनबाई. चाय बाबूच्या हातची पायजे. म्या सगळ्या सोयऱ्यांले सांगून ठेवलं हाये."

तेव्हापासून सुनंदाला हवी तशी शांत जागा घरातच मिळाली आहे, बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली. मला तिथला भूगोल आता नीटसा आठवत नाही, मी स्वयंपाकघरात असतो.