पावलं फाटकाबाहेर गेली

त्या वर्षी महालक्ष्म्या बसवायला माझं मनच नव्हतं. माझा एकुलता मुलगा फौजेत आहे. उत्तरेकडच्या एका शहरात दंगा उसळला आणि त्याची तुकडी तिथल्या रस्त्यावर उतरवली, एवढंच त्याने कळवलं. मग फोन बंद. तो सीमेवर होता तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. तिथे समोर शत्रू असतो. इथे समोर आपलीच माणसं, हातात दगड घेतलेली. पोराने करावं तरी काय? देवासमोर बसले की तोंडात एकच यायचं, बाई, तू दरवर्षी माहेरपणाला येतेस, माझं लेकरू कधी येईल गं? मी तिच्यावर चक्क रुसले होते.

त्यात सणाच्या तोंडावर आमच्या भिलाईतच पेटलं. कुठल्याशा भांडणाचं निमित्त झालं, दुकानं जळली, पोलिसांना आवरेना, आणि रिसालीतल्या आमच्या गल्लीत सैन्याची गाडी येऊन थांबली. कर्फ्यू लागला. आमच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे एक जवान बंदूक घेऊन उभा राहिला. शेजारणींनी धडाधड खिडक्या लावल्या. मीही लावायला गेले आणि हात कडीवरच राहिला. त्या दुसऱ्या शहरात एखादी बाई माझ्या लेकराकडे बघून अशीच खिडकी लावत असेल, असं मनात आलं. मी खिडकी उघडीच ठेवली.

रुसवा रुसव्याच्या जागी, पण घरी आलेल्या महालक्ष्म्यांना उपाशी कसं ठेवायचं? पुरण, कढी, वडे, सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील, सगळं रांधलं. आमचे हे स्टील प्लांटमधून रिटायर झालेत, तेव्हापासून त्यांची ड्यूटी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. "अवं, कर्फ्यूत जेवाले कोण येईन? कावून एवढा सैपाक करून राहिली?" मी म्हटलं, "येईन कोणी. तुमी पानं पुसा."

म्हटलं खरं, पण आत धाकधूक होती. आमच्या घरची रीत अशी, की नैवेद्य झाला की पहिलं ताट पाहुण्याचं, आणि तो जेवल्याशिवाय घरचं कोणी घास घेत नाही. दुसरी रीत याहून कडक. महालक्ष्मीचा प्रसाद घराबाहेर जात नाही. नेला तर लक्ष्मी त्याच्यामागे निघते, असं सासूबाई सांगत. दुपार कलली. ताट तसंच झाकलेलं. भादव्याचं ऊन चटका देत होतं, आणि समोरचा तो जवान तसाच उभा.

मी फाटकाशी जाऊन हाक मारली, "बेटा, अंदर आके खाना खा लो." तो म्हणाला, "माताजी, जगह नहीं छोड़ सकता. आप अंदर जाइए." त्याला जागा सोडता येत नव्हती, मला ताट बाहेर नेता येत नव्हतं. मी परतले. फाटकापासून मखरापर्यंत सकाळी काढलेली लक्ष्मीची पावलं वाटेत होती. त्यांच्याकडे पाहता पाहता हात आपोआप रांगोळीच्या डब्याकडे गेला. मला हे कोणी सुचवलं, ते आजही सांगता येत नाही.

फाटक उघडून मी रस्त्यावर वाकले आणि पावलं काढत निघाले, बोटं घराकडे. "माताजी, कर्फ्यू है!" तो ओरडला. हे मागून, "अवं, येडी झाली का तू?" माझे हात थांबले नाहीत. शेवटचं पाऊल त्याच्या बुटांपाशी आलं. ते पाहून त्याने आपलं पाऊल हळूच मागे घेतलं. मी म्हटलं, "अब यहाँ तक मेरा घर है." त्याने गाडीकडे पाहिलं. तिथल्या साहेबाने मान हलवली.

ह्यांनी ताट आणलं. रस्त्याकडेलाच उभ्याउभ्या तो जेवला. आंबील पिताना त्याचे डोळे भरून आले, माझेही. एक थेंब न सांडता त्याने वाटी रिकामी केली आणि आधी पावलांना, मग मला हात जोडले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

कर्फ्यू उठल्यावर मुलाचा फोन आला. जेवतोस ना, विचारलं, तर म्हणे, "जेवतो ना आई." आईला फसवायला बसलाय. मग त्यानेच विचारलं, "यंदा पाहुणा कोण जेवला?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्याले आंबील देल्ली ना वं? दिवसभर उभं राहून गळा सुकून जाते." हो म्हटलं, फोन ठेवला आणि मखराच्या रिकाम्या जागेसमोर बसून पोटभर रडले.

मी देवीकडे माझं लेकरू मागत होते. तिने दुसऱ्या कुणाचं लेकरू माझ्या दारी उभं केलं. माझं कोणाच्या दारी उभं करायचं, ते मी तिच्यावर सोडलं. सोडलं म्हणून वाट पाहणं संपत नाही. यंदाही त्याला सुट्टी नाही. पण आता पावलं मी फाटकापासून काढत नाही, रस्त्यापलीकडून काढते, बोटं घराकडे. कोणाच्या पायांनी यायचं, ते तिचं तिने ठरवावं.