माझ्याच आवाजात वाचलेला अर्ज

आई-वडिलांच्या काडीमोडासाठी आईनं धाराशिवच्या कोर्टात जायचं ठरवलं तेव्हा मी चौथीत होते. कोर्टाबाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे बसत. अंगठा घेण्याआधी ते अर्ज मोठ्यानं वाचून दाखवत, तशी रीतच होती. निजामाच्या काळात कागद उर्दूत असायचे आणि त्यात आजोबा एकदा फसले होते. आता कागद मराठीत झाले होते. म्हणून आई त्या लिहिणाऱ्याला म्हणाली, "तुमी नका वाचू. माझी लेक वाचंल."

मला केवढा अभिमान वाटला. गुरुजींनी शिकवलं होतं तसं ताठ उभं राहून मी खणखणीत आवाजात वाचू लागले. भोवती दहा-बारा माणसं होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडीलही जमिनीच्या कामाला आलेले. आधी माझं नाव आलं, मग वय, मग शाळा. आणि पुढं, 'मुलगी बापाच्या धाकानं अजून रोज अंथरुणात मुतते.' वाक्य पुरं होईपर्यंत मला थांबताच आलं नाही.

"बराबर हाय," आई म्हणाली आणि तिनं अंगठा उठवला.

निकाल आमच्या बाजूनं लागला, मी आईकडं राहिले. शाळेत वर्षभर माझ्या तरटावर कुणी बसलं नाही. आईला मी ते कधी सांगितलं नाही. तो कागद अजून तिथं असेल, मागेल त्याला मिळत असेल. पण कोर्टाला बोल कशाला लावू? जगाला तो पहिल्यांदा मीच वाचून दाखवला.

त्यानंतर गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं की मी सांगायचे, मला वाचता येत नाही.